विश्लेषण : युरोपच्या गाण्यात ‘गंधार’ रुजवणारा जॉन डन्स्टेबल कोण होता? मायदेशात नष्ट झालेले त्याचे संगीत वाचले कसे?

नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १४५३ रोजी, जॉन डन्स्टेबल या इंग्रज संगीतकाराचे निधन झाले. लंडनच्या वॉलब्रुक भागातील सेंट स्टीफन चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. पुढे ते चर्च आगीत गेले, थडगेही गेले. त्याची गाणी ज्या वह्यांमध्ये लिहिलेली होती, त्यातील बहुतेक इंग्लंडमध्येच नष्ट झाल्या. तरीही आज त्याच्या नावावर सुमारे ५० रचना आहेत आणि मोबाइलवर त्या कुणालाही ऐकता येतात. हे कसे घडले, हा त्याच्या चरित्रातला सर्वांत रंजक भाग आहे. त्यासाठी आधी तो काय गात होता, हे पाहावे लागेल.

बहुस्वर गायन म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे भजनी मंडळात वीस जण गात असले तरी चाल एकच असते. बुवा म्हणतात, मागचे झेलकरी तीच ओळ उचलतात. वारली लग्नात धवलेरी गाते, तिच्यासोबतच्या बायका तीच चाल धरतात. आवाज अनेक, पण सुरांची वाट एक.

जव्हार-मोखाड्यात तारपा ऐकलेल्यांना मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असते. भोपळ्यात खोचलेल्या बांबूच्या दोन नळ्या एकाच फुंकेवर बोलतात. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखा जाणता वादक असेल, तर नाचणाऱ्यांना त्या एका वाद्यातून भरगच्च आवाज मिळतो. दोन ध्वनी एकत्र आले की कानाला काहीतरी तिसरेच ऐकू येते, हा अनुभव इथल्या माणसाला नवा नाही.

युरोपातील बहुस्वर गायन, म्हणजे पॉलिफनी, याच्या पुढे जाते. तिथे तीन-चार गायक एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या चाली गातात. एकाची चाल वर चढते तेव्हा दुसऱ्याची खाली येते, तिसरा एकच सूर लांबवत राहतो. आणि तरीही ते सगळे जुळते. ते जुळावे म्हणून कोणत्या क्षणी कोणता सूर कोणत्या सुरासमोर येणार, हे आधीच ठरवून लिहावे लागते. ते लिहिणारा तो रचनाकार. डन्स्टेबल या कामातला आपल्या काळातील सर्वांत मोठा माणूस मानला गेला.

इंग्रजांच्या गाण्यात वेगळे काय होते?

घरात किंवा मंदिरात हार्मोनियम असेल तर हे लगेच कळेल. सा आणि प एकत्र दाबा. आवाज पक्का वाटतो, पण थोडा पोकळ. आता मधला शुद्ध ग दाबा. पोकळी भरून निघते, आवाज गोड होतो.

चौदाव्या शतकात फ्रान्समधील रचनाकार मोठ्या हिकमतीचे होते. त्यांची लयीची गणिते आजही थक्क करतात. पण विसाव्याच्या जागी त्यांचा भरवसा होता सा-प, सा-म आणि वरचा सा या जोड्यांवर. सा-ग ही जोडी त्यांच्या शास्त्रात दुय्यम होती, वाटेत येऊन जाणारी. शिवाय प्रत्येक आवाज आपल्याच तोऱ्यात चालत असल्याने मध्येच सूर एकमेकांना घासत. ते त्यांना खपत असे.

इंग्लंडमध्ये कान वेगळा होता. तिथे सा-ग आणि त्याचे उलटे अंतर फार आधीपासून आवडीचे होते. रीडिंग येथील मठाच्या तेराव्या शतकातील हस्तलिखितात वसंत ऋतूचे सहा आवाजांत गायचे एक गाणे आहे. ते ऐकले तरी ही आवड कळते. म्हणजे डन्स्टेबलने हा गोडवा शोधून काढला नाही. त्याने तो शिस्तीत आणला. कुठला सूर घासू द्यायचा, कुठे अजिबात नाही, याचा हिशेब त्याने इतका कडक ठेवला की त्याच्या काही रचनांत कानाला खटकणारी जागा जवळजवळ सापडत नाही.

हा माणूस होता कोण?

त्याचा जन्म साधारण १३९० चा मानला जातो. आडनाव इंग्लंडच्या बेडफर्डशायरमधील डन्स्टेबल या गावावरून आलेले दिसते. जुन्या कागदांत बहुधा ‘ब’ऐवजी ‘प’ लिहून डन्स्टेपल असे नाव येते, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना दोन्ही नावे टाकून पाहावीत. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर तेव्हा जव्हारवर मुकणे घराण्याची सत्ता होती. परंपरेनुसार जयबा मुकणे यांनी उभ्या केलेल्या राज्याला दिल्लीकडून १३४३ मध्ये मान्यता मिळाली होती.

त्या काळी युरोपात संगीत रचणारे बहुतेक जण धर्मगुरू असत. चर्चमध्ये नोकरी, चर्चमध्येच जेवण. डन्स्टेबल बहुधा तसा नव्हता. त्याच्याकडे मालमत्ता होती. १४३६ च्या करनोंदींत केंब्रिजशायर, एसेक्स आणि लंडनमधील त्याच्या मिळकती दिसतात. तो बहुधा विवाहित होता. गाण्यावर पोट असलेला गवई, असे त्याचे चित्र रंगवले तर ते चुकेल. तो दरबारी, जमीनजुमला असलेला, शिकलेला गृहस्थ होता.

आणि त्याला ताऱ्यांचे वेड होते. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात खगोलशास्त्राचे एक हस्तलिखित आहे. त्यातल्या नोंदीनुसार ते जॉन डन्स्टेबल या, ड्यूक ऑफ बेडफर्डच्या पदरी असलेल्या संगीतकाराचे होते. त्याच्या थडग्यावरील लेखातही गाण्याबरोबर ज्योतिषाचा, म्हणजे तेव्हाच्या अर्थाने आकाशाच्या गणिताचा, उल्लेख होता. सेंट ऑल्बन्सच्या मठाचे प्रमुख जॉन व्हेथॅमस्टेड यांनीही त्याच्यावर लॅटिनमध्ये मृत्युलेख रचला आणि त्यातही ग्रहताऱ्यांच्या ज्ञानाची वाखाणणी केली. आज हे विचित्र वाटेल. मात्र मध्ययुगीन युरोपच्या शिक्षणात अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत हे चार विषय एकाच गटात शिकवले जात. सुरांमधली अंतरे म्हणजे अपूर्णांकच, अशी ती समज होती.

युद्धाचा या संगीताशी काय संबंध?

फार जवळचा, आणि तो सुखाचा नाही.

डन्स्टेबल तरुण होता तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शंभर वर्षांचे युद्ध चालू होते. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पाचव्या हेन्रीने फ्रेंचांना चिरडले. १४२० च्या तहाने फ्रान्सची गादी त्याच्या वंशाकडे जाणार असे ठरले. पण दोनच वर्षांत हेन्री मरण पावला. वारस होता तो काही महिन्यांचा मुलगा. मग त्याच्या वतीने फ्रान्समधील इंग्रजी मुलखाचा कारभार पाहायला राजाचा भाऊ जॉन, म्हणजेच ड्यूक ऑफ बेडफर्ड, पुढे आला. डन्स्टेबल याच बेडफर्डच्या पदरी होता. १४३१ मध्ये रुआँ शहरात जोन ऑफ आर्कला जाळण्यात आले, ते याच राजवटीत.

बेडफर्डने १४२३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकच्या बहिणीशी, अ‍ॅनशी, लग्न केले. बर्गंडी हे तेव्हा युरोपातील सर्वांत श्रीमंत दरबारांपैकी एक. संगीतावर तिथे सढळ हाताने खर्च होई. या सोयरिकीमुळे इंग्रज सरदार आणि बर्गंडीचे गवई यांची ऊठबस सुरू झाली. बर्गंडीचा पुढे नावाजलेला रचनाकार बांश्वा तरुणपणी सफोकच्या इंग्रज अर्लकडे होता. इंग्रजी चाली अशा रीतीने फ्रान्सच्या भूमीवर पोहोचल्या: फौजेमागून, लग्नाच्या वरातीतून, जप्त केलेल्या गढ्यांमधून. डन्स्टेबललाही नॉर्मंडीत जमिनी मिळाल्या होत्या, म्हणजे जिंकलेल्या मुलखातला वाटा त्याच्या पदरात पडला होता. त्याच्या गाण्यातील शांतपणा ऐकताना हे डोक्यात ठेवायला हवे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बेडफर्ड १४३५ मध्ये मेला. त्याच वर्षी बर्गंडीने इंग्रजांची साथ सोडली. डन्स्टेबलला नवरे राजघराण्यातून आलेली राजमाता जोन हिचाही आश्रय होता; ती १४३७ मध्ये गेली. त्यानंतर तो बेडफर्डचा धाकटा भाऊ हंफ्री, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर याच्याकडे होता. ग्रंथ जमवणारा हा ड्यूक १४४७ मध्ये अटकेत असताना मरण पावला. १४५० मध्ये सगळी नॉर्मंडी इंग्रजांच्या हातून गेली. १४५३ च्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतले, जुलैमध्ये कास्तियोंच्या लढाईने शंभर वर्षांचे युद्ध संपले आणि डिसेंबरात डन्स्टेबल गेला. ज्यांच्या आश्रयाने तो वाढला, ते सगळे त्याच्या आधी गेले होते.

त्याच्या रचना कशा आहेत?

जवळपास सर्व लॅटिनमध्ये, चर्चसाठी. काही मिस्सा विधीचे भाग आहेत, काही मरियेची स्तोत्रे, तर बारा रचना एका खास बांधणीच्या आहेत. त्या बांधणीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात त्याच्यातला गणिती दिसतो.

‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ ही चार आवाजांची रचना घ्या. यात खालचा एक आवाज चर्चच्या जुन्या स्तोत्राची चाल गातो, पण इतके लांब सूर धरून की चाल ओळखूच येत नाही. या आवाजाला टेनर म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धरून ठेवणारा. टेनर आपली चाल तीन वेळा गातो. पहिल्यांदा सर्वांत संथ, दुसऱ्यांदा दोन-तृतीयांश वेळेत, तिसऱ्यांदा एक-तृतीयांश वेळेत. म्हणजे ३:२:१. विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला यातली गंमत कळेल. फरक इतकाच की इथे लय वाढवणे गायकाच्या मनावर नाही, ते आधीच मोजून बांधलेले आहे. वरचे आवाज त्याच वेळी आपापले शब्द गातात, तेही वेगवेगळे. कागदावर हे कोडे वाटते. ऐकताना मात्र कोडे जाणवत नाही. फक्त शेवटाकडे काहीतरी वेग घेते आहे, असे वाटत राहते.

याच्या अगदी उलट ‘क्वाम पुल्क्रा एस’. बायबलमधल्या गीतरत्नातील प्रेमाचे शब्द, तीन आवाज, कसलेही कोडे नाही. तिघे बहुतेक वेळ शब्द एकत्रच उच्चारतात, त्यामुळे प्रत्येक शब्द कानावर स्वच्छ पडतो. सूर कुठेच घासत नाहीत. रचना लहान आहे, पण डन्स्टेबलचे नाव ज्या गोडव्यासाठी घेतले जाते, तो इथे उघडा दिसतो.

आणखी एक गोष्ट त्याच्या पिढीतील इंग्रजांनी केली. मिस्सा विधीत ठराविक पाच प्रार्थना गायल्या जातात. पूर्वी त्या सुट्या सुट्या रचल्या जात, कुणाची एक, कुणाची दुसरी. डन्स्टेबल आणि त्याचा समकालीन लिओनेल पॉवर यांच्या मंडळींनी त्या सगळ्यांच्या तळाशी एकच चाल ठेवून त्यांना एकत्र बांधायला सुरुवात केली. पुढची दीडशे वर्षे युरोपातील थोरल्या रचनाकारांनी याच साच्यात आपली सर्वांत मोठी कामे केली.

समकालीनांना त्याचे महत्त्व कळले होते का?

कळले होते, आणि तेही परक्यांना. १४४० च्या सुमारास मार्टिन ल फ्रां या कवीने स्त्रियांच्या बाजूने एक दीर्घकाव्य लिहून बर्गंडीच्या ड्यूकला अर्पण केले. त्यात त्याने नोंदवले की द्युफाय आणि बांश्वा या दोघा श्रेष्ठ रचनाकारांनी इंग्रजांची ढब उचलली, डन्स्टेबलचे अनुकरण केले आणि त्यामुळेच त्यांचे गाणे इतके आनंददायक झाले. युद्धात ज्यांनी मुलूख बळकावला, त्यांच्या गाण्याची ही तारीफ आहे. १४७० च्या दशकात टिंक्टोरिस या नामवंत संगीतशास्त्रज्ञानेही नव्या कलेचा उगम इंग्रजांकडे आणि त्यांचा अग्रणी डन्स्टेबल असल्याचे लिहिले. त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथात तर चाळीस वर्षांपूर्वीचे कुठलेही संगीत ऐकण्याच्या लायकीचे नाही, असा शेरा आहे. विद्वानांचे असे शेरे जपूनच घ्यावेत. पण डन्स्टेबलच्या पिढीने मोठा बदल केला, एवढे त्यातून दिसते.

मग इंग्लंडमध्ये त्याचे संगीत उरले का नाही?

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले आणि १५३६ ते १५४० दरम्यान इंग्लंडमधील मठ बंद केले. मठांची शिसे लावलेली छपरे, घंटा, जमिनी विकल्या गेल्या. ग्रंथालयांना कुणी वाली राहिला नाही. लॅटिन विधीच मोडीत निघाला, तेव्हा त्या विधीची गाण्याची पुस्तके कुणाला हवी होती? चामड्याची ती पाने बांधणीत अस्तर म्हणून गेली, रद्दीत गेली, जळाली. डन्स्टेबलच्या काळातील इंग्रजी संगीताचे एक मोठे हस्तलिखित, ‘ओल्ड हॉल’ या नावाने ओळखले जाणारे, वाचले आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ आहे, पण त्यावर रचनाकाराचे नावच नाही.

त्याचे संगीत वाचले ते परक्यांच्या वह्यांत. आल्प्सच्या पायथ्याशी त्रेंतो आणि आओस्ता, खाली मोडेना, या आजच्या इटलीतील गावांत पंधराव्या शतकातील लेखनिकांनी इंग्रजी रचना उतरवून घेतल्या होत्या. एका गवयाकडून दुसऱ्याकडे, एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेलेल्या या नकला. त्यांना इंग्लंडच्या धर्मकारणाशी देणेघेणे नव्हते. गाणे आवडले म्हणून लिहून घेतले. त्रेंतोची हस्तलिखिते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या नजरेस आली आणि डन्स्टेबल पुन्हा सापडला.

नकलांनी जसे वाचवले, तसा घोळही घातला. परदेशी लेखनिक कधी नाव घालत, कधी नुसतेच ‘इंग्रजाची रचना’ अशा अर्थाची खूण करत. एकच रचना एका वहीत डन्स्टेबलच्या, तर दुसरीत लिओनेल पॉवरच्या नावावर आढळते. ‘ओ रोझा बेल्ला’ हे त्या काळी युरोपभर गाजलेले प्रेमगीत बराच काळ डन्स्टेबलचे समजले गेले; एका हस्तलिखितात ते बेडिंगहॅम या दुसऱ्या इंग्रजाच्या नावावर आहे आणि आज बहुतेकांचा कल त्याच्याकडे आहे. मध्यंतरी तर काही जुन्या लेखकांनी नावाच्या साधर्म्यामुळे दहाव्या शतकातील संत डन्स्टन आणि हा डन्स्टेबल एकच करून टाकला होता आणि बहुस्वर गायनाचा शोध त्या संताच्या नावावर लावला होता. मधल्या पाचशे वर्षांचा पत्ताच नाही!

इथल्या वाचकाला हे वाचताना आपल्याकडचे आठवल्याशिवाय राहणार नाही. तारप्याच्या चाली कागदावर नसतात. त्या कानाने कानाला दिल्या जातात, आणि धवलेरीची गाणी तिच्या आठवणीत असतात. कुणी ध्वनिमुद्रण केले, तर पुढे त्या मुद्रणावर कुणाचे नाव लिहिले जाते आणि कुणाचे गळते, हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीच्या त्रेंतोत होता तसाच मोखाड्यातही आहे.

हे संगीत आपल्या किनाऱ्यावर कधी आले का?

डन्स्टेबलचे नाही, पण त्याच्या पिढीने रुजवलेली सवय आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर चर्चचे बहुस्वर गायन गोव्यात पोहोचले. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. आजच्या पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात त्या काळच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. गोव्यातील मांडो हा कोकणी गीतप्रकार आजही दोन आवाजांत गातात आणि ते दोन आवाज बहुतेक वेळ सा-ग इतक्या अंतराने जोडीने चालतात. मांडोची वंशावळ डन्स्टेबलपर्यंत नेणे अतिशयोक्ती होईल. मात्र जे अंतर एकेकाळी पॅरिसच्या शास्त्रात दुय्यम होते, तेच पुढे अख्ख्या युरोपी गाण्याचा पाया झाले, आणि त्यात इंग्रजी ढबीचा वाटा होता.

आज तो कुठे सापडतो?

वॉलब्रुकचे चर्च १६६६ च्या लंडनमधील महाआगीत जळाले. त्या जागी ख्रिस्तोफर रेन याने नवे, घुमटाचे चर्च बांधले. थडग्यावरचा लेख आगीच्या आधी उतरवून घेतलेला होता, म्हणून तो वाचला; १९०४ मध्ये त्याची पाटी पुन्हा तिथे लावण्यात आली. म्हणजे इथेही नक्कलच कामाला आली. त्याच्या निधनाला ५०० वर्षे झाली त्या वर्षी, १९५३ मध्ये, मॅनफ्रेड बुकोफ्झर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अभ्यासकाने संपादित केलेले त्याचे समग्र संगीत छापून निघाले. इंग्लंडमधील गायकांना आपल्याच माणसाची गाणी एकत्र हातात मिळाली ती तेव्हा.

ऐकायचे असेल तर सुरुवात ‘क्वाम पुल्क्रा एस’पासून करावी. दोन-तीन मिनिटांचे आहे. शक्यतो इअरफोन लावावेत, कारण मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर खालचा आवाज दबतो आणि मग तीनचे दोनच आवाज उरतात. पहिल्यांदा सगळे एकत्र ऐकावे, दुसऱ्यांदा फक्त सर्वांत खालच्या आवाजामागे जावे. ते जमले की ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ लावावे आणि टेनरची चाल कुठे वेग बदलते, ते हातावर मात्रा मोजून शोधावे.